जुन्या मोटारीच्या प्लगची कुळकथा

पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या मोटारीचा स्पार्क प्लग निवडताना आणि बदलताना नांदेड-लातूर भागातील गॅरेजांत जे नियम पाळले जातात, ते वरवर पाहता एकमेकांशी संबंध नसलेले वाटतात. प्लगवरचा आकडा पाहावा, आट्यांची लांबी जुळवावी, टोकांमधला गॅप ठरावीक ठेवावा, काढलेल्या प्लगचा रंग बदामी आहे की नाही ते तपासावे आणि काजळी धरली असेल तर पॉलिश पेपरने घासून तोच प्लग पुन्हा बसवावा, असे त्यांचे स्थूल रूप आहे. हे नियम एका वेळी किंवा एका ठिकाणी घडलेले नाहीत. प्रत्येकाच्या मुळाशी इंजिनाच्या इतिहासातील एखादी अडचण आहे आणि तिच्यावर त्या काळी सापडलेला तोडगा आहे. नियमाचे कूळ समजले, म्हणजे तो आजही पाळायचा की सोडून द्यायचा, याचाही निवाडा करता येतो.

सिलिंडरमध्ये कोंडलेले इंधन आणि हवा यांचे मिश्रण नेमक्या क्षणी पेटवणे हा इंजिन बनवणाऱ्यांपुढचा पहिला मोठा प्रश्न होता. एत्येन लेन्वार याने १८६० साली पॅरिसमध्ये एकस्व घेतलेल्या गॅस इंजिनात चिनी मातीच्या नळीतून तार आत नेऊन विजेची ठिणगी पाडली होती, आणि आजच्या प्लगचा मूळपुरुष तोच मानावा लागतो. परंतु ती वीज बॅटरी आणि प्रेरण-वेटोळे यांच्यावर अवलंबून होती व त्या काळी तिचा भरवसा नव्हता. त्यामुळे पुढील काही दशके इतर मार्गांचा शोध चालू राहिला. निकोलाउस ऑटो याच्या १८७६ च्या चार फेऱ्यांच्या इंजिनात प्रत्यक्ष ज्योत आत घेतली जाई, तर गोटलीप डाइमलर याने बाहेरून दिव्याने तापवलेली नळी वापरली. रॉबर्ट बॉश याने १८८६ साली श्टुटगार्टमध्ये कार्यशाळा काढली आणि दुसऱ्याच वर्षी स्थिर इंजिनांसाठी मॅग्नेटो, म्हणजे चुंबक फिरवून स्वतःच वीज निर्माण करणारे यंत्र, बनवण्यास प्रारंभ केला. या मॅग्नेटोचा दाब कमी असल्याने सिलिंडरच्या आत दोन टोके एकमेकांना टेकवून झटक्याने दूर करावी लागत, आणि ही हालचाल जलद फिरणाऱ्या मोटार-इंजिनाला झेपत नसे. बॉशचा सहकारी गोटलोप होनोल्ट याने १९०२ साली उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीला प्लग सिद्ध केला. आता सिलिंडरच्या आत हलणारा एकही भाग उरला नाही, फक्त एक स्थिर फट उरली, आणि जोर करून ती ओलांडण्याचे काम विजेकडे गेले. प्लगसंबंधीचे पुढचे सगळे नियम या फटीभोवती आणि तिला वेढणाऱ्या विद्युतरोधकाभोवती, म्हणजे वीज बाजूला निसटू न देणाऱ्या कवचाभोवती, जमा झाले आहेत.

हे कवच काही काळ भारताच्या मातीतून गेले, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. चिनी माती उष्णतेने तडकत असे, म्हणून शर्यतीच्या मोटारी आणि विमाने यांच्या प्लगमध्ये अभ्रकाचे पातळ पापुद्रे मधल्या तारेभोवती गुंडाळून आणि त्यांच्या चकत्या एकमेकींवर दाबून कवच तयार करू लागले. इंग्लंडमध्ये केनेल्म ली गिनेस या शर्यतपटूने १९१२ च्या सुमारास सुरू केलेले के.एल.जी. प्लग याच जातीचे होते. उत्तम प्रतीच्या पत्री अभ्रकाचा जगातील मोठा पुरवठा त्या काळी आजच्या झारखंडातील कोडरमा-हजारीबाग भागातून आणि आंध्रातील नेल्लोरमधून होत असे. पुढे १९३० च्या दशकात ॲल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी दाबून व भाजून केलेले कठीण, पांढरे कवच प्रचारात आले आणि अभ्रक मागे पडले. आज दुकानात मिळणाऱ्या कोणत्याही प्लगचा पांढरा भाग हा त्या पदार्थाचाच वारस आहे.

मराठवाड्यात प्लग मोटारीबरोबर आला. मनमाडहून नांदेडमार्गे हैदराबादकडे जाणारी निजामाची रेल्वे १९०० च्या सुमारास झाली आणि बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९११ साली लातूरला पोचली. पण रुळांपासून दूर असलेल्या गावांना जोडण्याचे काम पुढे मोटारींकडे आले. निजामाच्या रेल्वेने १९३२ साली २७ गाड्या आणि १६६ कर्मचारी यांच्यासह रस्ते वाहतूक खाते उघडले, आणि हैदराबाद संस्थानातील सरकारी बससेवेचा तो प्रारंभ होता. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले व १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, त्याच दशकात देशाच्या मोटारधंद्याचेही रूप पालटत होते. निर्मितीचा कार्यक्रम नसलेल्या व केवळ सुटे भाग जोडणाऱ्या परदेशी कंपन्यांना १९५३ नंतर मुभा उरली नाही. लातूरच्या शेजारच्या सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची कुर्ल्याची फियाट आणि हिंदुस्थान मोटर्सची उत्तरपाड्याची ॲम्बेसेडर या दोन गाड्यांवर पुढची तीस वर्षे निघाली. बॉशच्या सहकार्याने १९५१ साली स्थापन झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीने बंगलोरमध्ये प्लग बनवायला घेतले, आणि तिच्या आद्याक्षरांवरून ‘मायको’ हे नाव गॅरेजांत इतके रुळले की २००८ मध्ये कंपनीचे नाव बॉश लिमिटेड झाल्यावरही जुने मेकॅनिक मायकोचाच प्लग मागतात. याच कंपनीचा नाशिकचा कारखाना मात्र डिझेल इंजिनांचे नोझल बनवण्यासाठी ओळखला गेला. डिझेल इंजिनात हवा दाबूनच इतकी तापवली जाते की इंधन आपोआप पेटते, तेथे प्लगची गरजच नसते; म्हणून विहिरीवरचे डिझेल इंजिन वर्षानुवर्षे हाताळलेल्या शेतकऱ्यालाही प्लगची विद्या पहिली मोटारसायकल किंवा मोटार घरी आल्यावरच शिकावी लागली.

या विद्येचा सर्वांत गोंधळाचा भाग म्हणजे प्लगवरचा आकडा. प्लगचे आतले टोक चालत्या इंजिनात सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वर राहिले तरच त्यावर बसणारी काजळी जळून जाते, आणि ते ८५० ते ९०० अंशांच्या पुढे गेले तर ठिणगी पडण्याआधीच मिश्रण त्या तापलेल्या टोकाने पेटते व पिस्टनला इजा होते. टोकाची उष्णता किती वेगाने सिलिंडरच्या हेडकडे वाहून जाते, त्यावरून प्लगला ‘गरम’ किंवा ‘थंड’ म्हणतात. ज्याचे आतले पांढरे नाक लांब, त्याची उष्णता उशिरा निघते आणि तो गरम ठरतो. ज्याचे नाक आखूड, तो थंड ठरतो. दोन महायुद्धांच्या दरम्यान बॉशने चाचणी-इंजिनात प्लग किती वेळ तग धरतो यावरून त्याला आकडा देण्याची रीत पाडली, म्हणून जुन्या मायको प्लगवर १७५ किंवा २२५ असे आकडे असत आणि मोठा आकडा म्हणजे थंड प्लग असा अर्थ होई. नंतर कंपनीने एक-दोन अंकी आकडे घेतले आणि क्रम उलटला; आता लहान आकडा थंड झाला. जपानच्या एन.जी.के. कंपनीत मोठा आकडा थंडच राहिला, तर अमेरिकी चॅम्पियनमध्ये मोठा आकडा गरम ठरला. त्यामुळे एका कंपनीच्या प्लगचा आकडा पाहून दुसऱ्या कंपनीचा तोच आकडा असलेला प्लग घेणे ही चूक ठरते. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला प्लग कंपनीच्या तुलना-तक्त्यात शोधून घ्यावा, हाच खात्रीचा मार्ग उरतो.

आकड्याच्या अलीकडची-पलीकडची अक्षरेही निरुपयोगी नाहीत. बॉशच्या खुणांत पहिले डब्ल्यू हे १४ मिलिमीटर आट्यांचे आणि सपाट वॉशरवर बसणाऱ्या प्लगचे चिन्ह आहे, तर त्यापुढचे आर हे आत रोधक असल्याचे सांगते. हा रोधक ठिणगीमुळे रेडिओत येणारी खरखर कमी करण्यासाठी घातला गेला आणि पुढे गाडीत संगणक आल्यावर अपरिहार्य ठरला. एन.जी.के.च्या बीपीआर-५-ईएस या खुणेत ५ हा उष्णतेचा आकडा आहे आणि त्यानंतरचा ई म्हणजे १९ मिलिमीटर लांबीचे आटे. ही लांबी सर्वांत आधी जुळवायची असते. आखूड प्लग बसवला तर ठिणगी भोकातच दबून राहते व रिकाम्या आट्यांत कार्बन साचतो; लांब प्लग बसवला तर तो पिस्टनवर आपटू शकतो.

मराठवाड्यातील उन्हाळ्यासाठी थंड प्लग घालावा, असा सल्ला कधी कधी ऐकू येतो. परंतु आतले टोक शेकडो अंशांवर चालते आणि पेटलेला वायू त्याहूनही कितीतरी तप्त असतो, त्यापुढे बाहेरची हवा ३० अंशांवरून ४३ वर गेल्याने पडणारा फरक लहान आहे. बाजारातल्या बाजारात, दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत फिरणाऱ्या गाडीचा प्लग तर तापतच नाही व त्याला काजळी धरते. तिला थंड प्लग दिला की त्रास वाढतो.

फटीच्या नियमाचे कूळ अमेरिकेत आहे. चार्ल्स केटरिंग याने सेल्फ-स्टार्टरच्या सुमारास, १९१० च्या आसपास, बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची स्वस्त रचना मांडली आणि मोटारींत ती मॅग्नेटोची जागा घेत गेली. ॲम्बेसेडर, पद्मिनी (कुर्ल्याची फियाट) आणि पहिल्या पिढीच्या मारुती ८०० पर्यंत तीच चालली. या रचनेत पॉइंट झिजले की ठिणगी अशक्त होते आणि वेग वाढला की आणखी क्षीण होते, म्हणून फट लहान ठेवणे भाग होते. ॲम्बेसेडरच्या मूळ इंग्रजी इंजिनासाठी ०.०२५ इंच, म्हणजे सुमारे ०.६ मिलिमीटर फट सांगितलेली आहे, तर मारुती ८०० साठी ०.७ ते ०.८ मिलिमीटर. गॅरेजात फीलर गेज हाताशी नसला की मिस्त्री हॅकसॉ ब्लेडची कड फटीत सरकवून पाहतो, आणि या रीतीला आधार आहे, कारण सामान्य हॅकसॉ ब्लेडची जाडी सुमारे ०.६ मिलिमीटरच असते. दातांची बाजू मात्र वाकवलेली असल्याने जाड भरते, म्हणून पाठीकडची कडच वापरायची असते आणि बाहेरचे वाकडे टोक तेवढे हलक्या हाताने दाबायचे असते. मधल्या टोकावर जोर दिला तर पांढऱ्या नाकाला न दिसणारी चीर जाते आणि गाडी मिसिंग मारू लागते.

प्लग बदलण्याच्या क्रियेत गाडीगणिक सर्वांत मोठा फरक हेडच्या धातूने पडतो. ॲम्बेसेडरच्या बीडाच्या हेडला पान्ह्याचा रांगडा हात खपून जाई. पद्मिनी आणि मारुतीचे हेड ॲल्युमिनियमचे असल्याने गरम इंजिनातून प्लग ओढला किंवा तिरका बसवला की आटे जातात आणि बुश ठोकण्याची वेळ येते. म्हणून इंजिन निवल्यावर, भोकाभोवतीची धूळ फुंकून किंवा हवेच्या नळीने उडवून, एका वेळी एकच वायर काढून काम करावे लागते. नवा प्लग बोटांनी शेवटपर्यंत फिरवून बसवावा आणि वॉशर दाबण्यापुरता पान्ह्याने सुमारे अर्धा फेरा द्यावा. जुन्या प्लगचा वॉशर आधीच दबलेला असल्याने त्याला त्याहून बराच कमी फेरा पुरतो.

रंगाचा नियम इंधनाच्या कुळातला आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त, तेलकट काळा थर म्हणजे रिंग किंवा गाइडमधून ऑइल वर येते आहे, पांढरे फटक नाक म्हणजे पेट्रोल कमी किंवा इंजिन फार तापते आहे आणि बदामी म्हणजे सारे ठीक, असे हे वाचन कार्ब्युरेटरच्या युगात घडले. रॉकेलची भेसळ ओळखण्यासाठीही प्लगवरची काजळी पाहिली जाई. पण त्या बदामी रंगात पेट्रोलमधल्या शिशाचाही वाटा होता; फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आल्यावर निरोगी प्लगचा रंगही फिका झाला. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल येऊ लागले, आणि इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत मिश्रण आपोआप थोडे पातळ होते व प्लग आणखी पांढरट दिसतो. तो पाहून प्लग बदलण्यापेक्षा कार्ब्युरेटरची जुळणी तपासणे योग्य. लातूर-नांदेड पट्ट्यातील साखर कारखाने उसापासून इथेनॉल करतात, म्हणजे प्लगचा रंग ठरवणाऱ्या इंधनाचा काही भाग आता याच जिल्ह्यांच्या शेतांतून येतो.

घासून पुन्हा वापरण्याची रीत टंचाईची आहे. सुटे भाग दुर्मिळ आणि महाग असताना वायर ब्रश, पॉलिश पेपर किंवा वाळूचा मारा करणारे क्लीनिंग मशीन यांनी प्लगचे आयुष्य वाढवले. परंतु घासण्याने टोकांच्या कडा गोल होतात व ठिणगीला अधिक दाब लागतो, कपारीत अडकलेला कण सिलिंडरमध्ये पडू शकतो आणि प्लॅटिनम किंवा इरिडियमची बारीक टोके तर घासताच निकामी होतात. साध्या निकेल टोकांचे प्लग दहा ते पंधरा हजार किलोमीटरनंतर सगळे एकत्र बदलणे हे घासण्यापेक्षा किफायतीचे पडते.

आट्यांची लांबी, उष्णतेचा आकडा आणि फट या तीन नियमांची मूळ कारणे जुन्या गाडीत जशीच्या तशी आहेत, म्हणून ते आजही पाळायचे. रंगाचा नियम नव्या इंधनाशी ताडून वाचायचा आणि घासण्याचा नियम सोडून द्यायचा. कारण पहिल्याचा आधार असलेले शिसे पेट्रोलमधून गेले आहे आणि दुसऱ्याला जन्म देणारी टंचाई आता उरलेली नाही.