नॉकिंगचा आवाज आणि चुकीचा आरोपी
डर्ट बाइक चढावर वरच्या गिअरमध्ये रेटली की डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो ना? न्यूट्रलमध्येही टिकटिक चालू असेल तर बहुतेक टॅपेट. फक्त लोडवर वाजलं, तर ते नॉकिंग.

१०० हून जास्त वर्षांपूर्वी अमेरिकेत याच आवाजाचा दोष चार्ल्स केटरिंगच्या बॅटरी इग्निशनवर ढकलला जायचा. (बग दुसऱ्याच्या मॉड्यूलमध्ये, तिकीट आपल्या नावावर. ओळखीचं वाटतंय?) १९१६ मध्ये त्याने २७ वर्षांच्या थॉमस मिजलीला कामाला लावलं. मिजलीने सिलिंडरमधलं प्रेशर मोजलं. ठोका ठिणगीनंतर पडत होता: ज्योत पोहोचण्याआधीच उरलेलं मिश्रण दाबाने, उष्णतेने एकदम पेटत होतं. इग्निशन निर्दोष, गडबड इंधनात!

मग गंमत. इंधनाला लाल रंग दिला तर ते उष्णता लवकर शोषेल, असा त्याचा तर्क. लाल डाय मिळेना, म्हणून आयोडीन टाकलं. नॉकिंग थांबलं, पण रंगामुळे नाही! तर्क चूक, रिझल्ट बरोबर. आपल्याकडे असा कोड थेट प्रॉडक्शनला जातो.

९ डिसेंबर १९२१ ला जालीम औषध सापडलं: टेट्राएथिल लेड, म्हणजे शिसं. १९२४ मध्ये न्यू जर्सीत ते बनवणारे ५ कामगार विषबाधेने गेले. विक्री काही काळ थांबली, तरी पुन्हा सुरू झालीच. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झालं. म्हणजे माझ्या जन्माच्या सुमारासही रस्त्यावरच्या धुरात ते होतं.

आवाज आला तर आधी एक गिअर खाली टाका. तरीही वाजलं तर मेकॅनिकला गाडी लोडवर चालवून ऐकवा, स्टँडवर नाही.