परक्याला जामीन कोण?

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून नियमित प्रवासी विमानसेवा नाही. पाचगणीत शिकवणाऱ्या किंवा सांगली-मिरजेत शिकणाऱ्या परदेशी माणसाला दिल्लीला जायचे असेल तर तो पुणे नाहीतर कोल्हापूर गाठतो. तिथे त्याच्याकडे पासपोर्ट मागितला जातो. भारतीय प्रवाशाला बरीच मोकळीक आहे. २०१७ साली नागरी विमान सुरक्षा ब्युरोने चालणाऱ्या ओळखपत्रांची यादी जाहीर केली, तिच्यात आधार, मतदार ओळखपत्र, पॅन कार्ड, वाहन परवाना, एवढेच काय राष्ट्रीयीकृत बँकेचे फोटोचे पासबुकही आहे. परदेशी नागरिकाला मात्र विमान कंपन्या पासपोर्टच आणायला सांगतात, मग तो काल उतरलेला पर्यटक असो की तीस वर्षे इथे राहिलेला रहिवासी. अशा रहिवाशाची त्याच्या जिल्ह्याच्या पोलिसांनी रीतसर नोंद केलेली असते, राहण्याचा परवाना दिलेला असतो. तो कागद त्या यादीत नाही. सुरक्षिततेसाठी दूरच्या सरकारचा कागद भरवशाचा आणि जवळच्या पोलिसाचा कमी भरवशाचा, असे यामागे गृहीत धरलेले आहे. सातारा-सांगलीचा गेल्या तीनशे वर्षांचा अनुभव नेमका याच्या उलट आहे, आणि तो विमानतळाचे नियम करणाऱ्यांनी विचारात घ्यावा असे मला वाटते.

जुन्या काळी परक्याला कागद लागत नसे, ही समजूत चुकीची आहे. मराठेशाहीत रहदारीची दस्तके, म्हणजे परवाने, होती. चौक्यांवर आणि घाटांत ती पाहिली जात, पुण्याच्या कोतवालाकडे शहरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवण्याचे काम असे. पण दस्तक सांगे ते वेगळे. माणूस कोणत्या राजाची प्रजा आहे यापेक्षा तो इथे कोणाच्या ओळखीने आला आहे, काय घेऊन चालला आहे आणि कुठे जाणार आहे, याची हमी त्यात असे. हमी देणाराही इथलाच, गरज पडली तर ज्याला धरता येईल असा. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात टोपीकरांविषयी, म्हणजे युरोपियनांविषयी, जे लिहिले आहे, ते या दृष्टीने फार बोलके आहे. इंग्रज, फिरंगी, वलंदेज, फरांसीस हे इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्यामागे राज्ये आहेत, हे अमात्यांना स्वच्छ दिसत होते. त्यावर त्यांचा उपाय काय? व्यापाराला येऊ द्यावे, पण वखारीला जागा द्यायचीच तर समुद्रकाठी देऊ नये. आत, मोठ्या गावाशेजारी, सखल जागी द्यावी आणि पक्की इमारत बांधू देऊ नये. परक्याची पारख त्याच्या मायदेशाच्या शब्दावर करायची नाही, तो आपल्या मुलखात कुठे आणि कसा राहतो यावर करायची, असे हे धोरण आहे. संशय पुरेपूर आहे, आणि तरीही नजर स्थानिक आहे.

कंपनी सरकारने हे उलटे केले. १८१३ च्या सनदेप्रमाणे युरोपियन माणसाला हिंदुस्थानात यायला परवाना लागे. १८३३ च्या सनदेने ब्रिटिश प्रजेला बराच मुलूख मोकळा झाला, पण तो मुख्यतः १८०० सालापूर्वी कंपनीच्या ताब्यात आलेला. आमचा मुलूख त्यानंतरचा, शिवाय इथे साताऱ्यात छत्रपतींचे आणि सांगली-मिरजेत पटवर्धनांचे राज्य नावापुरते का होईना उभे होते. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने साताऱ्याच्या छत्रपतींना बाहेरच्या सत्तांशी, सरदारांशी परभारे संबंध ठेवायची बंदी झाली. कंपनीचा अधिकारी ग्रँट डफ तेव्हा साताऱ्यात बसून कारभारावर देखरेख करीत होता. पुढे १८३९ मध्ये प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला धाडले, तेव्हाच्या आरोपांत गोव्याच्या पोर्तुगीजांशी सूत जुळवल्याचा आरोप ठळक होता. आपल्याच राज्यात कोणा परक्याशी बोलायचे हे ठरवण्याचा हक्क छत्रपतींना उरला नव्हता. परका कोण, हे साताऱ्यात ठरेनासे झाले, ते कलकत्त्यात आणि लंडनमध्ये ठरू लागले.

१८६४ चा परकीयांविषयीचा कायदा हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण. सरकारने त्याची कलमे एखाद्या भागाला लागू केली की परकीय माणसाला परवान्याशिवाय तिथे प्रवास करता येणार नव्हता. परवान्यावर काय लिहायचे तेही कायद्यात होते: नाव, राष्ट्र, कोणत्या जिल्ह्यांतून किंवा कोणत्या हद्दीत जायची मुभा आहे ते, आणि मुदत असेल तर ती. देशांतर्गत प्रवासासाठी परदेशी माणसाकडून ओळखीचा कागद मागायची आजची पद्धत इथे जवळजवळ पूर्ण रूपात दिसते, विमानाचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी. पण खरी विचार करायला लावणारी गोष्ट ‘परकीय’ या शब्दाच्या व्याख्येत आहे. जो जन्माने राणीची प्रजा नाही आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा मूळ रहिवासीही नाही, तो परकीय. सांगली हे संस्थान, मिरज हे संस्थान, जत आणि औंधही संस्थाने. तासगाव मात्र १८४८ नंतर ब्रिटिश सातारा जिल्ह्याचा तालुका. सांगलीहून तासगाव बैलगाडीने एका दिवसाच्या आत गाठता येई, भाषा एक, सोयरिकी एकमेकांत, बाजार एक. तरी कायद्याच्या अक्षराप्रमाणे सांगलीचा शेतकरी तासगावच्या हद्दीत परकीय ठरत होता. याउलट मिरजेत रुग्णालय उभारणारे डॉ. विल्यम वॉनलेस कॅनडात जन्मलेले, म्हणून ब्रिटिश प्रजा, म्हणून तासगावात परकीय नव्हेत. साध्या शेतकऱ्याला कोणी परवाना विचारला नाही, हे खरे. ही तरतूद सरसकट वापरायची नव्हतीच. पण नको असलेल्या संस्थानी माणसाला ब्रिटिश हद्दीबाहेर घालवण्याचे हत्यार सरकारच्या हाती राहिले. ‘कोणाची प्रजा’ हा एकच प्रश्न विचारणारा कागद शेजाऱ्याला परका आणि समुद्रापलीकडच्याला आपला ठरवू शकतो, याचा दाखला शोधायला आपल्याला दूर जावे लागत नाही. संस्थानच्या प्रजेला या व्याख्येतून स्पष्ट वगळले ते १९४६ च्या कायद्याने. आणि १९४९ मध्ये सांगली, मिरज, तासगाव एकाच दक्षिण सातारा जिल्ह्यात आली, ज्याला १९६० पासून आपण सांगली जिल्हा म्हणतो.

१९३९ हे वर्ष मात्र सर्वांत निर्णायक. त्या वर्षी परकीयांच्या नोंदणीचा कायदा झाला आणि सप्टेंबरमध्ये महायुद्ध पेटले. हिंदुस्थानातील जर्मन नागरिकांना पकडून आधी अहमदनगरला, मग देवळालीला आणि शेवटी डेहराडूनच्या छावणीत ठेवले. बायकामुले, वयस्क, मिशनऱ्यांची कुटुंबे आणि ज्यांच्यावर फारसा संशय नव्हता असे लोक यांच्यासाठी वेगळ्या वसाहती झाल्या. त्यांतली एक साताऱ्यात होती, दुसरी पुरंदरवर. ठरलेल्या हद्दीबाहेर जाणार नाही या वचनावर त्यांना तिथे राहू दिले होते. या वसाहतींत, विशेषतः पुरंदरवर, हिटलरच्या छळाला भिऊन पळून आलेले ज्यूही होते. त्यांचे पासपोर्ट डोळ्यांसमोर आणावेत. ऑक्टोबर १९३८ पासून जर्मन सरकार ज्यूंच्या पासपोर्टवर लाल ‘जे’ अक्षर उमटवत होते. नोव्हेंबर १९४१ मध्ये देशाबाहेर राहणाऱ्या ज्यूंचे नागरिकत्वच एका फर्मानाने काढून घेतले. ज्या राज्याने त्यांना शत्रू मानले, त्याच राज्याचा कागद खिशात असल्यामुळे ते इथे शत्रूराष्ट्राचे नागरिक ठरले. आणि यातला एक तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. युद्धाच्या पहिल्या महिन्यांत सरकारने चौकशी समिती नेमून एकेका माणसाची विचारपूस केली होती, आणि पुष्कळ निर्वासितांना निर्दोष म्हणून सोडले होते. १९४० च्या उन्हाळ्यात युरोपात फ्रान्स कोसळू लागला तशी घबराट पसरली आणि सोडलेल्यांपैकी अनेकांना पुन्हा पकडले. माणसांची वागणूक बदलली नव्हती, पासपोर्टही तोच होता. समोरासमोर बसून केलेली चौकशी बरोबर निघाली होती, कागदावरचे राष्ट्र पाहून केलेली धरपकड चुकली.

दुसरा दाखला पोलंडच्या निर्वासितांचा. १९४० पासून सोव्हिएत राजवटीने सैबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकलेली ही कुटुंबे इराणमार्गे हिंदुस्थानात आली. १९४३ पासून कोल्हापूरजवळ, मिरज-कोल्हापूर रेल्वेमार्गावर वळिवड्याला त्यांची सुमारे पाच हजारांची वसाहत झाली. शाळा, चर्च, नाटकमंडळी सगळे तिथे उभे राहिले. हवापालटाची गरज असलेले पोलिश रुग्ण आणि मुले साताऱ्याच्या पाचगणीत ठेवली जात. या लोकांच्या मागे लंडनमध्ये आश्रयाला असलेले पोलिश सरकार होते. ५ जुलै १९४५ ला ब्रिटनने त्या सरकारची मान्यता काढून घेऊन वॉर्साच्या नव्या सरकारला दिली. वळिवड्याच्या पोलिश बाईने त्या दिवशी सकाळी नेहमीसारखीच भाकरी भाजली असेल, पण तिच्या ओळखीला जामीन असलेले राज्य संध्याकाळपर्यंत नाहीसे झाले होते. ती कोण, हे त्यानंतर नेमके सांगू शकत होती ती फक्त वसाहतीची नोंदवही. कोणत्या बराकीत कोण राहते, कोणाची मुले कोणत्या वर्गात आहेत, कोण आजारी म्हणून पाचगणीला गेले आहे, हे इथेच लिहिलेले होते आणि इथल्याच माणसांना ठाऊक होते. १९४८ पर्यंत बहुतेक जण ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, पोलंड अशा वाटांनी गेले. मोजक्या मुली इथल्या तरुणांशी लग्न करून राहिल्या. त्यांची ओळख पुढे कोल्हापूरकरांनीच दिली.

स्वातंत्र्यानंतर कायद्याचा सांगाडा तोच राहिला. १९५७ मध्ये परकीयाची व्याख्या ‘भारताचा नागरिक नसलेला’ अशी सुटसुटीत झाली. जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक परकीयांचे नोंदणी अधिकारी झाले. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आलेल्याने चौदा दिवसांत नोंद करायची, हॉटेलाने किंवा घरमालकाने ‘सी फॉर्म’ चोवीस तासांत भरून द्यायचा, ही शिस्त रुळली. पाचगणीच्या वसतिगृहांना ती चांगली ठाऊक आहे. २०१८ मध्ये परकीयांच्या नोंदणीची ऑनलाइन ‘ई-एफआरआरओ’ व्यवस्था आली आणि नोंदणी देशभर एका जाळ्यात जोडली गेली. १ सप्टेंबर २०२५ पासून १९३९ आणि १९४६ चे दोन्ही कायदे जाऊन नवा आप्रवास आणि परकीय नागरिक कायदा लागू झाला. त्यात शिक्षणसंस्था आणि रुग्णालये यांच्यावरही परदेशी माणसाची माहिती कळवण्याची जबाबदारी आहे. म्हणजे परदेशी रहिवाशाविषयी सरकारला इतके ठाऊक असते, जितके बहुतेक नागरिकांविषयी नसते. ही सगळी माहिती गोळा करायची आणि विमानतळाच्या दारात तिची किंमत शून्य धरायची, हे सुसंगत नाही.

यावर पहिला आक्षेप सुरक्षिततेचा घेतला जाईल, आणि तो हलका नाही. पण विमानतळाच्या दारातली ओळखपत्राची तपासणी कशासाठी असते? तिकिटावरचे नाव आणि समोरचा माणूस एकच आहे, हे पाहण्यासाठी. सामान आणि अंगझडती हे वेगळे टप्पे आहेत आणि त्यांना पासपोर्टने काही फरक पडत नाही. नाव आणि चेहरा जुळवायला फोटोचा खात्रीचा कागद हवा. बँकेचे पासबुक त्याला पुरत असेल, तर भारत सरकारने स्वतः चौकशी करून दिलेला राहण्याचा परवाना का पुरू नये? दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: हा परवाना ईमेलने येतो, कोणीही छापून आणेल, दिल्लीच्या शिपायाने तो खरा कसा मानायचा? हा मुद्दा मला मान्य आहे. त्याचे उत्तर परवान्यावर तपासता येणारा क्यूआर कोड घालणे हे आहे, जसा आधारवर आहे. परदेशी पासपोर्ट खरा की खोटा हे तरी दारावरच्या जवानाला सहज कळते का? दीडशेहून अधिक देशांचे पासपोर्ट त्याच्या हातात येतात. तिसरा आक्षेप असा की आधार आहेच: वर्षभरात १८२ दिवस राहिलेल्या परदेशी माणसालाही ते काढता येते. खरे आहे, आणि कायद्याने आधार हे नागरिकाचे नव्हे तर रहिवाशाचे ओळखपत्र आहे, ही गोष्ट माझ्याच बाजूची आहे. वास्तव्याची नोंद हा ओळखीचा चांगला आधार आहे, हे सरकारने तिथे मानलेच आहे. मग परदेशी म्हटला की पासपोर्टच, हा आग्रह सुटायला हवा.

उरतो तो ‘पासपोर्ट बरोबर बाळगायला काय हरकत आहे’ हा प्रश्न. पर्यटकाला काहीच हरकत नाही. पण रहिवाशाचा पासपोर्ट नूतनीकरणासाठी दूतावासात आठवडेच्या आठवडे पडून राहतो. त्याच्या देशात सत्ता उलटली, दूतावास बंद झाला, तर तो पासपोर्ट कदाचित कधीच परत येत नाही. वळिवड्याला ओळख देणारे राज्यच असे नाहीसे झाले होते. आणि सातारा-सांगलीच्या किती घरांतली मुले आज अमेरिकेत आहेत, ते आठवावे. तिथेही १९४० पासून परकीयांच्या नोंदणीचा कायदा आहे, अठरा वर्षांवरच्या परदेशी माणसाने नोंदणीचा पुरावा जवळ बाळगला पाहिजे अशी सक्ती आहे. म्हणजे तो देश या बाबतीत ढिला मुळीच नाही. तरी ग्रीन कार्ड असलेला सांगलीचा मुलगा न्यूआर्कहून शिकागोला जाताना ते कार्ड दाखवून विमानात बसतो. भारताचा पासपोर्ट घरी कपाटात राहिला तरी त्याचे अडत नाही. ज्या देशात तो राहतो, त्या देशानेच त्याची ओळख दिलेली असते. जपाननेही २०१२ पासून परदेशी रहिवाशांना स्वतःचे निवासी कार्ड दिले आहे. आपल्या मुलांना परदेशात जी वागणूक मिळते ती रास्त वाटते, तर आपल्याकडे राहणाऱ्याला ती नाकारण्याचे कारण उरत नाही.

म्हणून मागणी लहान आणि स्पष्ट आहे. परकीय नोंदणी अधिकाऱ्याने दिलेला, फोटो आणि क्यूआर कोड असलेला राहण्याचा परवाना देशांतर्गत विमानप्रवासाच्या ओळखपत्रांच्या यादीत नावानिशी घालावा. नवा कायदा आलाच आहे, त्याखालचे नियम आणि सूचना सुधारताना हे एका ओळीत होण्यासारखे आहे. नागरी विमान सुरक्षा ब्युरो आणि गृहखाते यांनी ती ओळ लिहावी, आणि पाचगणी, मिरज, सांगलीतील ज्या शाळा, महाविद्यालये आणि रुग्णालये परदेशी माणसांची माहिती सरकारला नियमाने कळवतात, त्यांनीही तशी लेखी मागणी करावी.