राजांची नावे आणि लोकांची भाषा

राजे जातात, राज्ये लयास जातात. परंतु काही राजांची नावे साधे शब्द होऊन लोकांच्या तोंडी राहतात. अशा काही शब्दांची हकीकत ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपल्या घरच्या दिनदर्शिकेतच दोन रोमन सत्ताधीश ठाण मांडून बसले आहेत. रोमन वर्ष प्राचीन काळी मार्चपासून सुरू होई व त्यातील पाचव्या आणि सहाव्या महिन्यांना केवळ क्रमवाचक नावे होती. इ. स. पूर्व ४४ मध्ये पाचव्या महिन्यास ज्युलियस सीझरचे आणि इ. स. पूर्व ८ मध्ये सहाव्यास ऑगस्टसचे नाव देण्यात आले. तेच आपले जुलै व ऑगस्ट. 'सीझर' हे नाव तर पुढे राजपदच होऊन बसले. जर्मनीचा 'कैसर' आणि रशियाचा 'झार' ही त्याचीच रूपे होत. झारांची सत्ता १९१७ साली व कैसरांची १९१८ साली संपली. शब्द मात्र उरले.

यावरून, सत्तेने आज्ञा केली की नाव अमर होते, असे कोणास वाटेल. पण तसे नाही. नीरोच्या काळी एप्रिल महिन्यास त्याचे नाव दिले गेले; कोमोडसने तर बाराही महिन्यांना आपलीच नावे व बिरुदे चिकटविली. त्यांच्यामागे ती नावे टिकली नाहीत.

आपल्या भाषेतील उदाहरणे याहून बोलकी आहेत. महंमद तुघलक (१३२५–१३५१) विद्वान होता. परंतु त्याने राजधानी दिल्लीहून दौलताबादेस हलविली, चांदीच्या नाण्यांच्या मोलाने तांब्यापितळेची नाणी चालविली आणि खोट्या नाण्यांचा सुळसुळाट होताच ती परत घेऊन खजिन्यातून चांदी मोजली. त्याची विद्वत्ता भाषेने लक्षात ठेवली नाही. 'तुघलकी कारभार' तेवढा ठेवला. नादिरशहाने १७३९ साली दिल्लीत कत्तल करविली. 'नादिरशाही' म्हणजे जुलमी अंमल, हा अर्थ लहान मुलासही कळतो.

याउलट 'शिवराई' पाहा. शिवछत्रपतींच्या या तांब्याच्या नाण्यावर एका बाजूस 'श्री राजा शिव' व दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' अशी अक्षरे आहेत. 'शिवराई' हा शब्द त्यावर कोठेच नाही. तो लोकांच्या बोलण्यातला. पेशवाईतही याच अक्षरांची नाणी पाडली जात आणि पुढे इंग्रजी अमलातही शिवराई बाजारात चालत राहिली. ज्या हातांत सोन्याचा होन कधी पडला नाही, त्या हातांतही शिवराई होती.

आपणही वसतिगृहांच्या व सभागृहांच्या भिंतींवर नावांच्या शिळा बसवितो. ते योग्यच आहे. परंतु शिळेवर नाव कोरणे एवढेच आपल्या हाती असते. त्या नावाचा अर्थ पुढे लोक ठरवितात, आणि तो आपल्या वागणुकीवरूनच ठरवितात, हे ध्यानी असावे.