वारणाकांठचा हिशेब आणि संगणकांचें जाळें

पांचगणीच्या टेबललँडवरून खालीं पाहिलें असतां कृष्णेचें खोरें दृष्टीस पडतें. हीच कृष्णा वाई, कराड मागें टाकून सांगलीजवळच्या हरिपुरास पोंचते, आणि तेथें तिला वारणा मिळते. या वारणेच्या कांठीं राहणाऱ्या ऊसकऱ्यांच्या हिशेबाची हकीकत संगणकाच्या इतिहासांतील एक बोधप्रद अध्याय आहे.

धंद्यांतला संगणक प्रथमतः खतावणी राखण्याचें यंत्र होता. नोंद झटपट होई, बेरीज बिनचूक येई. परंतु ज्याचें खातें, त्यास तें पाहावयाचें झाल्यास कचेरीचीच वाट धरावी लागे. १९९१ सालीं जगापुढें आलेल्या वेबमुळें ही रीत पालटूं लागली. वेबचा सर्व्हर म्हणजे दुरून कोणीं विचारलें असतां हवी ती नोंद काढून देणारा, अहोरात्र जागा असलेला कारकूनच होय. आयबीएम कंपनीच्या १९८८ सालच्या एएस/४०० सारख्या व्यापारी संगणकांवरहि पुढील दशकांत असा सर्व्हर चालूं लागला. भारतांत १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमनें सर्वसामान्य ग्राहकांस इंटरनेट खुलें केलें.

त्यानंतर तीनच वर्षांनीं, १९९८ सालीं, वारणानगर येथें ‘वायर्ड व्हिलेज’ ही योजना हातीं घेण्यांत आली. तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकारानें उभारलेला सहकारी साखर कारखाना तेथें होताच. केंद्र व राज्य सरकारच्या साहाय्यानें कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारें ७० गांवें जोडावयाचीं, गांवोगांवीं संगणकाचें केंद्र ठेवावयाचें, आणि शेतकऱ्यास पीकपाणी, बाजारभाव व शिक्षण यांची माहिती द्यावयाची, असा तो विशाल संकल्प होता.

प्रत्यक्षांत घडलें तें निराळें. जगभरची माहिती बाजूस राहिली, आणि हीं केंद्रें मुख्यत्वें कारखान्याच्याच व्यवहारास उपयोगीं पडलीं: खताची उचल किती, कांट्यावर ऊस किती भरला, बिल किती निघालें! यांत नवल नाहीं. वर्षभराच्या कष्टांचें मोल ज्या एका आंकड्यांत सांठवलेलें असतें, तो आंकडा आपल्याच गांवीं छापील स्वरूपांत हातीं पडणें, ही शेतकऱ्यास लहान गोष्ट नव्हती.

तथापि यंत्रें जुनीं होतात, वीज जाते, टेलिफोनची तार बंद पडते. पुढें मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनीं सात गांवांत आठ महिने एक प्रयोग केला. गांवच्या संगणकाऐवजीं मोबाईलवरून लघुसंदेश धाडावा, आणि उत्तरहि तसेंच यावें. पूर्वीचीं सारीं कामें या साध्या साधनानें साधलीं. खर्च कमी आला, आणि शेतकऱ्यांस ही रीत अधिक सोयीची व अधिक पसंत पडली.

या प्रयोगांत गांवांतील यंत्र बदललें. कारखान्यांतील खातेवही मात्र तीच राहिली. फरक पडला तो खातें आणि खातेदार यांमधील अंतरांत. जाळ्याची महती तारेच्या लांबीवर वा यंत्राच्या सामर्थ्यावर मोजली जाते. पण सहकारी संस्थेंत तिचें खरें माप एकच: सभासदास स्वतःचा हिशेब विचारण्यास किती पावलें चालावें लागतें. वारणाकांठीं तीं पावलें प्रथम कचेरीहून गांवच्या केंद्रापर्यंत आणि मग शेताच्या बांधापर्यंत कमी झालीं, हेंच त्या योजनेचें टिकाऊ फळ होय.