दारावरची बंदूकबंदी

अमेरिकेत दुकान, रुग्णालय, बँक किंवा कचेरी यांच्या दारावर बंदूक आत आणू नये असे सांगणारी पाटी सर्रास दिसते. ती सगळीकडे सारखी मात्र नसते. कुठे लाल वर्तुळात पिस्तुलाचे चित्र आणि त्यावर तिरकी रेघ असते, कुठे एकच छापील ओळ, तर कुठे दंडसंहितेच्या कलमाचा संपूर्ण मजकूर दोन भाषांत मांडलेला असतो. काही राज्यांत ही पाटी ओलांडून शस्त्रासह आत जाणे हाच गुन्हा ठरतो. काही राज्यांत ती केवळ मालकाची इच्छा असते आणि बाहेर जायला सांगूनही न जाणाऱ्यावरच कारवाई होते. टेक्सासमध्ये तर अक्षरांची उंची आणि शब्दांचा क्रम यांवर पाटीचे बळ अवलंबून असते. एवढा फरक का पडला, हे शस्त्र लपवून बाळगण्याच्या कायद्याच्या इतिहासातून कळते.

एकोणिसाव्या शतकात उघडपणे कमरेला लावलेल्या शस्त्रापेक्षा लपवलेले शस्त्र वाईट समजले जाई. सरळ माणूस शस्त्र दाखवून वावरतो, कोटाखाली ते दडवणाऱ्याच्या मनात काळेबेरे असते, अशी तेव्हाची समजूत होती. केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी १८१३ मध्येच लपवून शस्त्र बाळगण्याविरुद्ध कायदे केले. केंटकीच्या न्यायालयाने १८२२ मध्ये तिथला कायदा रद्द केला, तेव्हा १८५० च्या नव्या राज्यघटनेत विधिमंडळाला तसा अधिकार स्पष्टपणे देण्यात आला. दक्षिणेतली आणि पश्चिमेतली अनेक राज्ये पुढे याच वाटेने गेली.

बंदूकबंदीच्या पाट्याही याच काळातल्या आहेत. गुरांच्या व्यापारावर वाढलेल्या कॅन्ससमधल्या गावांत टेक्सासहून कळप हाकत आलेले गुराखी मजुरी हातात पडताच दारूच्या गुत्त्यांत शिरत. तिथल्या भांडणांत पिस्तुले निघू नयेत म्हणून गावात शिरतानाच शस्त्रे जमा करून घेण्याचा नियम झाला. विचिटामध्ये १८७३ साली रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात ठेवून बिल्ला घ्यावा, अशा सूचना लावल्या होत्या. डॉज सिटीच्या फ्रंट स्ट्रीटवरच्या एका जुन्या छायाचित्रात शस्त्रे बाळगण्यास सक्त मनाई असल्याचा मोठा लाकडी फलक दिसतो आणि त्याच फलकावर खाली एका औषधी अर्काची जाहिरात आहे. ॲरिझोनातल्या टूम्बस्टोन गावाने १८८१ च्या एप्रिलमध्ये असाच ठराव केला. त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला ओके कोरलजवळ जी प्रसिद्ध चकमक झडली, ती या ठरावाप्रमाणे काही जणांची शस्त्रे काढून घेण्यावरूनच पेटली. तीत तीन माणसे मेली. चित्रपटांनी या गावांची जी प्रतिमा रूढ केली, तिच्यात हा फलक सहसा दिसत नाही. इतिहासात मात्र तो होता. तो नगराचा हुकूम होता, गावात येणाऱ्या प्रत्येकाला लागू होता आणि त्याच्या शब्दरचनेवरून कोणी वाद घालत नसे.

टेक्सासचा इतिहास यात सर्वांत बोधक आहे. यादवी युद्धानंतरच्या अस्थिर वर्षांत, गव्हर्नर एडमंड डेव्हिस यांच्या काळात, राज्याने १८७१ मध्ये अंगावर किंवा घोड्याच्या खोगिरात पिस्तूल बाळगण्यावर बंदी घातली. प्रवासी आणि ज्याच्या जिवाला खरोखर धोका आहे असा माणूस यांना सूट होती. दंड २५ ते १०० डॉलर होता आणि शस्त्र जप्त होई. पुढच्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. थोड्याफार फेरफारांनिशी तो १९९५ पर्यंत टिकला. बंदुकांचे राज्य म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेक्सासमध्ये सामान्य माणसाला सव्वाशे वर्षे पिस्तूल खिशात घालून रस्त्यावर फिरता येत नव्हते, ही गोष्ट सहसा लक्षात राहत नाही.

हे चित्र पालटण्यामागे एक भीषण घटना होती. १६ ऑक्टोबर १९९१ रोजी किलीन शहरातल्या लुबीज या खाणावळीत एका हल्लेखोराने २३ जणांना गोळ्या घालून ठार केले. त्या वेळी तिथे असलेल्या सुझॅना ग्रेशिया यांचे आईवडील दोघेही मारले गेले. कायद्याचे पालन करण्यासाठी आपण आपली रिव्हॉल्व्हर बाहेर मोटारीत ठेवली होती, ही त्यांची साक्ष पुढे अनेक राज्यांच्या विधिमंडळांत ऐकली गेली. १९९६ मध्ये सुझॅना हप या विवाहोत्तर नावाने त्या स्वतः टेक्सासच्या प्रतिनिधीगृहात निवडून आल्या. दरम्यान, या प्रश्नावर सार्वमत घेण्याचे विधेयक गव्हर्नर ॲन रिचर्ड्स यांनी १९९३ मध्ये फेटाळले. १९९४ च्या निवडणुकीत जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी त्यांचा पराभव केला आणि १९९५ मध्ये त्यांनी परवान्याच्या कायद्यावर सही केली. ठरलेल्या अटी पुऱ्या करणाऱ्याला परवाना नाकारता येणार नाही, ही पद्धत फ्लोरिडाने १९८७ मध्ये स्वीकारली होती. टेक्सासने तीच घेतली. १९९६ च्या आरंभापासून परवानाधारक लपवलेले पिस्तूल घेऊन वावरू लागले.

पाटीचा प्रश्न इथे उभा राहिला. खाजगी जागेच्या मालकाला आत कोणाला घ्यायचे ते ठरवता येते, याबद्दल वाद नव्हता. पण पिस्तूल कोटाखाली दडलेले असेल तर दुकानदाराला ते दिसणार कसे आणि दिसलेच नाही तर तो नको म्हणणार कोणाला? जुन्या गावात कमरेचे शस्त्र दिसे आणि शेरीफ ते मागून घेई. आता आत येणाऱ्या प्रत्येकाला आगाऊ सूचना देणे एवढाच मार्ग उरला होता आणि ते काम दाराकडे आले. दुकानांनी मिळेल ती चित्रे चिकटवली. परवानाधारकांची तक्रार अशी की कोपऱ्यातले बोटभर चित्र नजरेतून सुटले, तर कष्टाने परवाना मिळवलेला माणूस नकळत गुन्हेगार ठरतो. या तक्रारीत तथ्य होते.

विधिमंडळाने १९९७ मध्ये दंडसंहितेत कलम ३०.०६ घातले. परवानाधारकाला पाटीवरून मनाई करायची असेल तर पाटीवर कायद्यात दिलेलाच मजकूर हवा. तो इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत हवा, पार्श्वभूमीशी विरोधी रंगात हवा, ठळक सुट्या अक्षरांत हवा, प्रत्येक अक्षर किमान एक इंच उंच हवे आणि पाटी लोकांना सहज दिसेल अशी हवी. तोंडी सांगणे किंवा छापील कार्ड हातात देणेही चालते. पण वर्तुळातल्या पिस्तुलाचे चित्र परवानाधारकापुरते निरुपयोगी झाले. या कलमाचा आकडा अमेरिकी सैन्याच्या जुन्या रायफलच्या काडतुसाशी जुळतो, म्हणून लोक त्याचा उच्चारही त्या काडतुसासारखा ‘थर्टी-ऑट-सिक्स’ असा करतात.

या नियमाने परवानाधारकाची अडचण दूर केली आणि ती दुकानदाराच्या गळ्यात घातली. एक इंच उंचीच्या अक्षरांत दोन भाषांतला तो लांबलचक मजकूर लावला की काचेच्या दाराचा बराचसा भाग भरून जातो. छोट्या दुकानदाराला ते नकोसे होते. मग तो लहान अक्षरांची किंवा नुसत्या चित्राची पाटी लावतो आणि आपण नाही म्हटले असे समजतो. कायद्याच्या दृष्टीने त्याने काहीच म्हटलेले नसते. शेजारच्या दोन दारांपैकी एका दारावरची पाटी बंधनकारक आणि दुसऱ्यावरची निव्वळ शोभेची, हे चित्र तेव्हापासूनचे. परवानाधारकांना कायद्याची ही बारीक माहिती शिकवली जात होती, ग्राहक आणि कर्मचारी यांना ती नव्हती. या असमतोलाचा दोष नियम करणाऱ्यांकडेच जातो.

गुंता पुढे वाढत गेला. दारूच्या विक्रीतून ५१ टक्के किंवा अधिक उत्पन्न मिळवणाऱ्या गुत्त्यांसाठी लाल रंगात ‘५१%’ असा आकडा छापलेली वेगळी पाटी होतीच. १ जानेवारी २०१६ पासून परवानाधारकांना पिस्तूल उघडपणे म्यानात लावून वावरण्याची मुभा मिळाली आणि त्याला मनाई करण्यासाठी कलम ३०.०७ ची दुसरी पाटी आली. ती प्रत्येक प्रवेशद्वारावर लावणे आवश्यक होते, ३०.०६ च्या मजकुरात तेव्हा तसे शब्द नव्हते. त्याच वेळी ३०.०६ च्या पाटीतले काही शब्दही बदलले, त्यामुळे जुन्या पाट्या कालबाह्य झाल्या. कित्येक व्यावसायिकांनी मधला मार्ग धरला. व्हॉटाबर्गर या टेक्सासच्या मोठ्या उपाहारगृह साखळीने उघड पिस्तुले नकोत, लपवलेल्यांना हरकत नाही, असे जाहीर केले. एकोणिसाव्या शतकातली समजूत इथे उलटी झाली होती. जे शस्त्र दिसते त्याचीच आता इतर ग्राहकांना भीती वाटत होती.

सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये २१ वर्षांवरील बहुतेक नागरिकांना परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येऊ लागले. या लोकांना ३०.०६ आणि ३०.०७ लागू होत नाहीत, कारण ती कलमे परवानाधारकांविषयी आहेत. मग कलम ३०.०५ खाली तिसरी पाटी आली. ही एकटीच लावली तर परवानाधारक अडत नाही; आधीच्या दोनच लावल्या तर बिनपरवाना माणूस अडत नाही. सर्वांना मनाई करू इच्छिणाऱ्याला तिन्ही पाट्या लागतात. ह्यूस्टन आणि डॅलसच्या परिसरात राहणारी मराठी कुटुंबे किराण्याला किंवा दवाखान्यात जाताना हीच दारे ओलांडतात. प्रार्थनास्थळांचा २०१९ पर्यंत कायद्यात वेगळा उल्लेख होता; तो काढल्यापासून चर्च असो वा मंदिर, बंदूक नको असेल तर इतरांसारखीच रीतसर सूचना द्यावी लागते.

सरकारी इमारतींची गोष्ट उलट आहे. नगरपालिका आणि काउंट्या जिथे अधिकार नाही तिथेही पाट्या लावतात, अशी तक्रार होती. म्हणून २०१५ मध्ये चुकीची पाटी लावणाऱ्या सरकारी संस्थेला पहिल्या वेळी दिवसाला १,००० ते १,५०० डॉलर आणि पुढे १०,००० डॉलरपासून दंड ठेवण्यात आला. ऑस्टिन शहराच्या नगरभवनात परवानाधारकांना शस्त्रासह अडवल्याबद्दल राज्याच्या महाधिवक्त्यांनी खटला भरला आणि २०१९ मध्ये न्यायालयाने शहराला ९,००० डॉलर दंड केला.

इतर राज्यांनी आपापले मोजमाप ठरवले. शस्त्र बाळगण्याची परवानगी सर्वांत शेवटी, २०१३ मध्ये देणाऱ्या इलिनॉयने चार बाय सहा इंचांची चित्राची पाटी नेमून दिली. साउथ कॅरोलिनात आठ बाय बारा इंच, वर्तुळाचा व्यास सात इंच आणि तिरकी रेघ ४५ अंशांत हवी. मिनेसोटाने २००३ मध्ये अक्षरांचा टंकही सांगितला: काळा एरियल, किमान दीड इंच उंच. तिथल्या काही चर्चना हे ठरीव शब्द आपल्या दारावर नको होते. त्यांनी न्यायालयात दाद मागितली आणि त्यांना सूट मिळाली. फ्लोरिडा आणि पेनसिल्व्हेनियात खाजगी पाटीला स्वतःचे फौजदारी बळ नाही. संघराज्याच्या सरकारी इमारतींविषयीच्या कायद्यात तर दारावर सूचना लावलेली नसेल आणि आरोपीला मनाई प्रत्यक्ष ठाऊक नसेल, तर शिक्षाच होऊ शकत नाही. राज्याची सीमा ओलांडणाऱ्या वाहनचालकाला एकाच प्रवासात यांतले तीन-चार नियम लागू होतात. देशभर एकच चित्र आणि एकच अर्थ ठरवणे शक्य होते. वाहतुकीच्या चिन्हांबाबत अमेरिकेने ते केलेच आहे.

या सगळ्या नियमांखाली एकच गृहीतक होते: मालक गप्प असेल तर बंदुकीला परवानगी आहे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात न्यूयॉर्कची कडक परवाना पद्धत घटनाबाह्य ठरवली, तेव्हा काही राज्यांनी हे गृहीतकच फिरवले. लोकांसाठी खुल्या असलेल्या खाजगी जागेतही मालकाने संमती दिल्याशिवाय बंदूक नेता येणार नाही, असे न्यूयॉर्क, हवाई आणि कॅलिफोर्निया यांनी ठरवले. न्यूयॉर्कचा हा नियम तिथल्या अपील न्यायालयाने खुल्या जागांपुरता रोखला. पश्चिमेकडच्या नवव्या सर्किट न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये एकाच निकालात हवाईचा नियम राखला आणि कॅलिफोर्नियाचा थांबवला. हवाईत मालकाला संमती तोंडी, लेखी किंवा पाटीने देता येत होती. कॅलिफोर्नियात ती फक्त दारावरच्या पाटीनेच देता येत होती. हवाईचे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सुनावणीसाठी दाखल करून घेतले.