गोमा अकरा दिवसांत सुटलं होतं

२० नोव्हेंबर २०१२. पूर्व कांगोमधलं गोमा हे शहर एम-२३ नावाच्या बंडखोरांनी घेतलं. शहर रवांडाच्या सीमेला इतकं चिकटून आहे की पलीकडचं गिसेन्यी पायी गाठता येतं. संयुक्त राष्ट्रांचे शांतिसैनिक तिथेच होते, प्रांतात भारतीय ब्रिगेडही होती. कांगोचं सैन्य पळालं आणि शांतिसैनिक बघत राहिले.

तरीही अकरा दिवसांत बंडखोर शहर सोडून गेले. मला या अकरा दिवसांचं कुतूहल आहे.

बंडखोरांना रवांडाचं बळ असल्याचं राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञांनी लिहिलं होतं (रवांडाने ते कायम नाकारलं). १९९४च्या वंशसंहारातले मारेकरी निर्वासितांसोबत कांगोत पळाले, ही रवांडाची जुनी तक्रार, आणि ती खोटी नाही. पण जर्मनी, नेदरलँड्स, ब्रिटनने रवांडाची मदत रोखली. शेजारी देशांनी कंपालात वाटाघाटींचा रस्ता काढला. मार्च २०१३मध्ये सुरक्षा परिषदेने टांझानिया, दक्षिण आफ्रिका, मलावीच्या ३,०६९ सैनिकांच्या ब्रिगेडला थेट लढायची परवानगी दिली. नोव्हेंबरपर्यंत एम-२३ हरलं. पैसा, चर्चा आणि बंदूक, तिन्हींचा दाब एकाच दिशेने होता.

२०२१च्या अखेरीस एम-२३ परतलं, तेव्हा मात्र जो तो आपापलं घेऊन आला. २०२२मध्ये पूर्व आफ्रिकी देशांची फौज आली; ती लढत नाही म्हणून कांगोनेच वर्षभरात तिला घालवलं. मग दक्षिण आफ्रिकी देशांच्या संघटनेची, म्हणजे सॅडेकची फौज आली. आणि युरोपीय संघाने काय केलं? फेब्रुवारी २०२४मध्ये रवांडाशी खनिजांचा करार! एप्रिलअखेर एम-२३ने रुबाया घेतलं. जगातलं सुमारे १५ टक्के टँटलम तिथल्या खाणींतून येतं, असा अंदाज आहे. इंजिनिअरिंगला कपॅसिटर शिकताना हा शब्द मी परीक्षेपुरता पाठ केला होता. तुम्ही हे वाचताय त्या फोनमध्येही तो धातू बहुधा असेल.

२७ जानेवारी २०२५ला बंडखोर पुन्हा गोमात शिरले. ब्रिटन-जर्मनीने मदत रोखली, युरोपने निर्बंध लावले, पण शहर पडल्यावर. फेब्रुवारीत बुकावूही गेलं. सॅडेकचे सैनिक गोमाजवळच्या तळांवर महिनोन्महिने अडकून पडले. एप्रिलअखेरीस त्यांची पहिली तुकडी निघाली, ती ट्रकमधून, रवांडाच्याच रस्त्याने, टांझानियाकडे.