सुनील नेसरीकर

सुनील नेसरीकर (मृत्यू : २४ मे २०१५, ऐरोली, नवी मुंबई) हे मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख अधिकारी होते. दक्षिण मुंबईतील काळबादेवी भागात ‘गोकुळ निवास’ या जुन्या इमारतीला ९ मे २०१५ रोजी लागलेल्या आगीत ते गंभीररीत्या भाजले आणि पंधरा दिवसांनी त्यांचे निधन झाले. या एका आगीत दलाचे चार अधिकारी कर्तव्य बजावताना मरण पावले. नेसरीकर हे त्यांपैकी शेवटचे.

काळबादेवीची आग

काळबादेवी हा दाट वस्तीचा व्यापारी भाग आहे. चिंचोळ्या गल्ल्या, खाली दुकाने व गोदामे आणि वर बिऱ्हाडे, अशी तेथील अनेक इमारतींची मांडणी असते. शनिवारी दुपारनंतर लागलेली ही आग झपाट्याने पसरली. रहिवाशांना बाहेर काढण्यात आले. मात्र विझवण्याचे काम चालू असतानाच इमारतीचा भाग कोसळला. संजय राणे व महेंद्र देसाई या अधिकाऱ्यांचा त्यात मृत्यू झाला. उपप्रमुख अधिकारी सुधीर अमीन आणि नेसरीकर यांना ऐरोली येथील राष्ट्रीय बर्न्स सेंटर या रुग्णालयात हलविण्यात आले. तेथे १४ मे रोजी अमीन यांचे व २४ मे रोजी नेसरीकर यांचे निधन झाले.

दलाच्या प्रमुखाने स्वतः आगीच्या तोंडाशी का जावे, असा प्रश्न वाचकास पडेल. मुंबईत आगीची वर्दी आल्यावर तिच्या तीव्रतेनुसार श्रेणी ठरते. श्रेणी वाढेल तशी बंबांची कुमक वाढते आणि अधिक वरिष्ठ अधिकारी घटनास्थळी येतात. जवानांना आत धाडायचे की मागे बोलवायचे, हा निर्णय दूरवरच्या कार्यालयात बसून घेता येत नाही. धुराचा रंग, भिंतींना गेलेले तडे, तुळयांचा आवाज हे जवळूनच कळते.

जुन्या इमारतींतील धोका

लाकडी सांगाड्याच्या इमारतीत आग विझवणे दुहेरी जोखमीचे असते. खांब व तुळया जळून बारीक होत जातात, त्यांची ताकद घटते. त्याच वेळी बंबाचे पाणी वरच्या मजल्यांवर साचते व मालात मुरते. एक घनमीटर पाण्याचे वजन एक हजार किलोग्रॅम असते. म्हणजे आधार दुबळा होत असताना भार वाढत जातो, आणि आग विझत आल्यासारखी दिसली तरी इमारत ढासळू शकते. मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घरांतही लाकडी सरांवर मातीचा जड थर असतो. लातूर-नांदेडच्या विद्यार्थ्यांना यावरून ही कल्पना सहज यावी.

मृत अधिकाऱ्यांचा उल्लेख सर्वत्र ‘हुतात्मा’ असा केला गेला. तो रास्तच आहे. मात्र या गौरवाच्या शब्दाआड इमारतीच्या अवस्थेचा प्रश्न झाकला जाऊ नये.

स्मरण

कर्तव्यावर मृत्यू आलेल्या अग्निशामकांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो व २० एप्रिलपर्यंत सप्ताह चालतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर स्फोट झाले. त्यात ६६ अग्निशामक मृत्युमुखी पडले होते. त्या जहाजात कापूस व स्फोटके एकत्र भरलेली होती. तेथेही अग्निशामकांचा जीव घेणारा धोका ते पोहोचण्यापूर्वीच रचला गेला होता.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये, कायद्याच्या कक्षेतील इमारतींमध्ये अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर आहे. तसे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन दर वर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत सादर करावे लागते. हा कायदा मुंबईपुरता मर्यादित नाही. नांदेड व लातूर या महापालिकांच्या हद्दीतही तो लागू आहे.